बटवडा

लोंढेमामांचा रिपोर्ट मी फोनवर वाचला,
लॅबच्या जिन्यात, काखेत बर्फाचा डबा.
मोठं आतडं. उजवी बाजू. पुढचं वाचायला
जिन्यात उजेड पुरेना, असं मी स्वतःला सांगितलं.

एकतीस वर्षं इंदूरच्या पोस्टात.
रामबाग, मग दोन वर्षं स्नेहलतागंज, मग हट्टानं पुन्हा रामबाग.
सायकलीला दोन घंट्या, एक वाजणारी, एक शोभेची.
आणि बावीस वर्षं साखर. "आपली शुगर" म्हणायचे,
जशी काही घरातलीच कोणी, जरा तापट.

रविवारी विचारलं त्यांनी, पोह्यांवर जिरावन भुरभुरत,
शेव तेवढी बशीच्या कडेला सारत, मला दिसेल अशी:
"तू तिथं हेच करून राहिली ना सात वर्षं?
मग सांग. हिचं आणि त्याचं नातं काय?"

मी सांगायला लागले, की इन्सुलिन म्हणजे टपालच.
पेशीच्या दारावर थाप पडते, आतला निरोप्या उठतो,
निरोप पुढच्याच्या हाती देतो, तो त्याच्या पुढच्याच्या,
तेव्हा कुठं साखरेला आत घेतात.
पण पोटावरच्या चरबीत पेशी फुगत जातात, काही मरतात,
आणि मेलेलीभोवती पांढऱ्या पेशी कडं धरून बसतात.
सूक्ष्मदर्शकात मुकुट दिसतो. मुकुट, आणि आत मढं.
बसल्या जागेवरून त्या हाळी देत राहतात: जळतंय, जळतंय.
जाळ नाहीच कुठं, नुसती धग, वर्षानुवर्षं.
ती हाळी ऐकून निरोप्या भलत्याच जागी शिक्का मारून घेतो,
एक फॉस्फेट, हवा होता टायरोसीनवर, बसला सेरीनवर.
अंधाऱ्या खोलीत फिल्म धुताना मला त्याची काळी पट्टी दिसते,
नखाएवढी. तेवढ्यानं थाप पडूनही उठवत नाही त्याला.

"लेने से इनकार," मामा म्हणाले.
लाल शाईनं किती पाकिटांवर लिहिलं असेल त्यांनी हे.
"मग परत धाडायचं."

परत कुठलं धाडतंय शरीर, मामा.
ते आणखी पत्रं टाकतं. तीच, पुन्हा तीच,
गल्लीत गुडघाभर टपाल.

ते थांबले. चमचा बशीतच.
"शेजारी," म्हणाले. "शेजारी सही करून घेतो."

सात वर्षांत इतकं थोडक्यात मला सांगता आलं नव्हतं.
शेजारचं दार वाढीचं. त्याची कडी
जवळजवळ त्याच बोटांनी निघते.
तिथं पत्र पोचलं की आत हुकूम सुटतो: वाढा, एकाचे दोन व्हा.
आणि ती हाळी देणारी मंडळी
मागच्या दारानं येऊन सांगतात: मरू नका.

माझ्या टेबलामागं भिंतीवर हा सगळा नकाशा आहे,
बाणच बाण, आणि वाट अडते तिथं आडवी रेघ.
त्यात मामा कुठंच नाहीत.
हजार माणसांत मी बोट ठेवू शकते, एकावर नाही.
तसं सांगितलं त्यांना. म्हटलं, शुगर नसती तरी कदाचित.
त्यांनी मान हलवली, दुसऱ्याच्या घरचा पंचनामा ऐकावा तशी,
आणि शेव परत पोह्यांवर ओढली.
मी काही बोलले नाही.

मग चष्मा शोधला, केमोच्या तारखेचं कार्ड उलटं केलं,
पेन झटकलं.
"त्या शेजाऱ्याचं नाव?"
मी सांगितलं. लांबलचक होतं, आकडा लागलेलं.
"असं नाही. नावावर टपाल पोचत नाही. पत्ता."

मोठं आतडं, म्हटलं. उजव्या हाताला. वर जाणारा रस्ता.

त्यांनी लिहून घेतलं, सुबक, ओळ सरळ ठेवून.
"माहीत आहे," म्हणाले. "तिकडं चढ आहे."